वाडा गावाचा, मॉडेल कुणाचं? लातूरच्या एका आभासी वाड्याचं प्रकरण

औसा तालुक्यातल्या एका तरुणीनं आभासी जगात एक माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा बांधला. तो तिच्या नकळत कुणीतरी उचलला, दुसऱ्याच कुणीतरी विकायला काढला. तिनं हरकत घेतल्यावर समोरून लेखी उत्तर आलं : हा मराठवाड्याचा वारसा आहे, गावोगावी असे वाडे होते, त्यावर एका मुलीचा हक्क कसा? या उत्तरात तथ्य होतं, आणि सगळं प्रकरण तिथंच अडलं.

आभासी जगांत वस्तू घडवणारी मुलं आता लातूर-नांदेडकडेही बरीच दिसतात. हक्काचा प्रश्न आला की त्यांना दोनच टोकं माहीत असतात. एक तर 'सगळं माझं', नाहीतर 'इंटरनेटवर टाकलं की गेलं'. या दोन्हींच्या मध्ये कायदा नेमका कुठं उभा आहे, ते या प्रकरणात नीट दिसलं. म्हणून तिच्या परवानगीनं ते सविस्तर लिहिते आहे. माणसांची नावं, त्या आभासी जगाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी तिची वकील होते, तेव्हा हे एका बाजूनं पाहिलेलं आहे हे वाचकानं लक्षात ठेवावं.

वाड्यात काय होतं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा या मुलीचा जन्मही झालेला नव्हता. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावर माळवदाचा जड मातीचा थर, अशी या भागातली घरं होती. भिंती सुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. पुढे लोकांनी पत्रा आणि स्लॅब जवळ केला. माळवदाखाली पुन्हा झोपायची कुणाची छाती झाली नाही, आणि ते बरोबरच होतं. पण त्यामुळे तिच्या पिढीनं ढेलज (दरवाज्यालगतची बैठकीची जागा), बळद (धान्य साठवायची जागा), किलच (तुळयांवर टाकलेल्या लाकडी पट्ट्या) हे शब्द फक्त ऐकले, वस्तू पाहिली नाही.

तिनं ती वस्तू उभी केली. शिक्षण वास्तुकलेचं, नोकरी लातुरात एका वास्तुविशारदाकडे. दिवसा ऑफिसचे नकाशे काढायचे आणि रात्री घरी ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलं घडवायचं सॉफ्टवेअर उघडून बसायचं. आज्जीचं सांगणं, नातेवाइकांच्या अल्बममधले फोटो आणि औसा परिसरात अजून तग धरून असलेल्या दोन-तीन वाड्यांची स्वतः घेतलेली मापं, एवढ्यावर तिनं काम केलं. दिंडी दरवाजा, ढेलज, चौक, भोवतीची ओसरी, माजघर, धान्याचं बळद, लाकडी खांब, तुळया, त्यावर किलच आणि पांढऱ्या मातीचा थर. हे सगळं सुट्या भागांत होतं. कुणीही ते भाग विकत घेऊन त्या आभासी जगात आपल्या जागेवर जोडून वाडा उभारू शकत होतं.

यातल्या तीन गोष्टी नीट समजून घेतल्या तर पुढचा वाद समजेल.

पहिली, माळवदावर चढायचा भिंतीतला जिना. खरा जिना इतका अरुंद असतो की आभासी जगात आपण जिच्या रूपात फिरतो ती आकृती त्यात अडकून बसते. तिनं तो हातभर रुंद केला आणि वरून तिसरी पायरी निम्म्यानं आखूड ठेवली, म्हणजे वळणावर आकृती भिंतीला घासत नाही. असा जिना कुठल्याही गावात नव्हता.

दुसरी, भिंतीतल्या देवळ्यांवरची, म्हणजे दिव्याच्या कोनाड्यांवरची, काजळी. चिमणीच्या धुराचा तो काळा ओघळ तिनं प्रत्येक देवळीला वेगळा रंगवला आहे, हातानं. त्याच टेक्स्चरच्या (भिंतीवर चढवायच्या चित्राच्या) एका कोपऱ्यात, जो भाग कुठल्याच भिंतीवर दिसत नाही, तिनं ब्रश तपासताना ओढलेले रंगाचे काही फटकारे तसेच राहून गेले होते.

तिसरी, जातं. आपली आकृती जात्यापाशी बसवली की आज्जीच्या आवाजात ओवी सुरू होते. रेकॉर्डिंग घरातच मोबाईलवर केलेलं. ओवी मध्यावर आली की मागं शेळी ओरडते, आज्जी क्षणभर थांबते आणि मग पुढची ओळ घेते.

नक्कल कशी झाली

एका मैत्रिणीनं तिला दुसऱ्याच एका दुकानाची चित्रफीत पाठवली. 'ऐतिहासिक खेडं' नावानं संच विकायला होता, किंमत तिच्या संचाच्या निम्मी. वाड्याचा रंग थोडा बदलला होता, अंगणात तुळशीवृंदावन जास्तीचं होतं. ती जात्यापाशी जाऊन बसली. शेळी ओरडली.

हे घडतं कसं, असं तिच्या घरच्यांनी मला विचारलं. आभासी जगात एखादी वस्तू आपल्याला दिसते, म्हणजे तिचा आकार, तिच्यावरचं चित्र आणि आवाज आपल्या संगणकावर येऊन पोचलेला असतो. त्याशिवाय ती पडद्यावर उमटणारच नाही. खरेदी-विक्रीचं कुलूप कंपनीच्या सर्व्हरवर असतं, पण माल प्रत्येक पाहुण्याच्या यंत्रात उतरतो. ग्राफिक्स कार्डच्या मेमरीतून किंवा साठवलेल्या तात्पुरत्या फायलींतून तो उपसून काढणारी साधनं आहेत. या धंद्यातली मुलं त्याला 'रिप मारणं' म्हणतात.

हा प्रकार जुनाच आहे. सेकंड लाइफ हे आभासी जग चालवणाऱ्या लिंडन लॅबनं २००३ मध्येच जाहीर केलं होतं की रहिवाशांनी घडवलेल्या वस्तूंचे बौद्धिक हक्क रहिवाशांकडेच राहतील. त्या काळात हा मोठा निर्णय होता. प्रत्येक वस्तूला नक्कल, बदल आणि हस्तांतर अशा तीन परवानग्या लावायची सोयही तिथं आहे. तरीही २००६ च्या नोव्हेंबरात कॉपीबॉट नावाचं साधन पसरलं आणि परवानग्यांना बगल देऊन वस्तूंच्या नकला निघू लागल्या. दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली. कंपनीनं त्याचा वापर नियमभंग ठरवला, पण जे दिसतं ते उपसता येतं ही मूळ गोष्ट तशीच राहिली. २००७ मध्ये तिथल्या एका वस्तू-विक्रेत्या कंपनीला आपल्या वस्तूच्या नकलेविरुद्ध फ्लोरिडाच्या फेडरल न्यायालयात जावं लागलं. समोरचा माणूस टोपणनावामागं होता, म्हणून आधी समन्स काढून त्याचं खरं नाव मिळवावं लागलं.

म्हणून तांत्रिक कुलपावर मी कुणालाच फार भरवसा ठेवायला सांगत नाही. अशा प्रकरणात खरा आधार पुराव्याचा असतो.

पहिली तक्रार

माझ्याकडे येण्याआधी तिनं स्वतःच तक्रार केली होती. ते आभासी जग अमेरिकी कंपनीचं असल्यामुळे तक्रारीचा नमुना तिथल्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार होता. कोणती कृती आपली, कोणती वस्तू नक्कल, ती नेमकी कुठं आहे, आपला पत्ता, सद्भावनेनं केलेलं निवेदन, सही. तिनं लिहिलं : 'हा संपूर्ण वाडा माझी निर्मिती आहे.' कंपनीनं नकलेचा संच लगेच काढला.

आठवडा उलटला आणि विक्रेत्याची प्रति-नोटीस आली. अमेरिकी कायद्यात तशी सोय आहे. समोरच्यानं शपथेवर सांगितलं की मजकूर चुकून काढला गेला, तर तक्रारदारानं कोर्टात दावा लावल्याचं कळवावं लागतं. नाहीतर कंपनी दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत तो परत ठेवते. तिनं दावा लावला नव्हता. संच परत आला. विक्रेत्यानं त्याच्या पाटीवर 'सर्वांचा वारसा' असं लिहिलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिला राग चोरीपेक्षा त्या पाटीचा जास्त आला होता. ती म्हणाली, "मॅडम, वारसा म्हणून कुणी तो आजवर जपला का? मी बसून केला तेव्हा तो वारसा झाला होय?" मला तिचं दुःख पटत होतं. पण विक्रेत्याच्या मुद्द्याला उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येणार नव्हतं.

तिचं काय आणि गावाचं काय

या टप्प्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि माझ्या मते प्रकरण याच टेबलावर जिंकलं गेलं.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृती 'मूळ' असावी लागते. मेहनत पुरते का? १२ डिसेंबर २००७ रोजी ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसता घाम गाळणं पुरत नाही. त्यात कौशल्य आणि निवड दिसली पाहिजे, थोडी तरी सर्जनशीलता हवी. त्याआधी १९७८ च्या आर. जी. आनंद प्रकरणात न्यायालयानं कल्पना आणि तिची मांडणी यांतला फरक सांगितला होता. माळवदी वाडा ही कल्पना कुणाचीच नाही. तिची एक विशिष्ट मांडणी कुणाची तरी असू शकते.

त्रिमितीय मॉडेलच्या बाबतीत आमच्या नेमकं विरुद्ध जाईल असा एक अमेरिकी निकाल आहे. विक्रेत्याच्या बाजूनं कुणी अभ्यासू वकील असता तर त्यानं तो काढला असताच, म्हणून मीच तो आधी तिच्यासमोर ठेवला. मेशवर्क्स नावाच्या कंपनीनं टोयोटाच्या गाड्यांची हुबेहूब डिजिटल मॉडेलं जाहिरातींसाठी तयार केली होती. ती ठरल्यापेक्षा जास्त वेळा वापरली गेली म्हणून तिनं दावा लावला. २००८ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं दावा फेटाळला. मॉडेल करायला कसब लागलं हे न्यायालयानं मान्य केलं, पण गाडी जशी आहे तशीच उतरवली असेल तर मॉडेल करणाऱ्यानं स्वतःचं असं त्यात काही घातलेलं नाही, असं म्हटलं. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. तरी त्यातला तर्क मोडक निकालाच्या जवळ जातो, आणि कुठल्याही न्यायाधीशाला तो पटू शकतो.

हे ऐकून ती गप्प झाली. वाडा जितका खरा, तितका तिचा हक्क पातळ. ज्या अचूकपणाचा तिला अभिमान होता, तोच दाव्यात कमकुवत ठरत होता.

मग आम्ही एकेक भाग उघडून बसलो. खांबांची मापं औशातल्या वाड्यांची, ती सोडली. तुळया आणि किलच यांची रचना या भागातली रूढ, तीही सोडली. जमिनीचं शहाबादी फरशीचं टेक्स्चर तिनं पॉली हेवन या मोफत संग्रहातून घेतलं होतं. तिथलं साहित्य सगळ्यांना खुलं आहे, त्यावर दावा करणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. अमेरिकी कायद्यात जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर तक्रारदारच नुकसानभरपाईला बांधील होतो, हे तिला माहीत नव्हतं.

दिंडी दरवाज्यापाशी वेगळीच गाठ निघाली. त्याची दगडी कमान तिनं ज्या नकाशावरून केली तो तिच्या ऑफिसनं एका वाड्याच्या नोंदणीच्या कामासाठी काढलेला होता, आणि काढणारी तीच होती. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हे आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं. शिवाय कलम १४ प्रमाणे सपाट चित्राची त्रिमितीय प्रतिकृती करणं हाही मूळ चित्राच्या मालकाचाच हक्क आहे. म्हणजे कमानीपुरती तीच दुसऱ्याच्या हद्दीत गेली होती. मी तिला सांगितलं, आधी सरांकडे जा. तिला धाकधूक होती, पण सरांनी ऐकून घेतलं, नकाशा वापरायची लेखी परवानगी दिली आणि बाकीचा वाडा ऑफिसच्या कामाचा भाग नाही असंही त्याच पत्रात लिहिलं. त्या एका पत्रानं पुढचा मोठा धोका टळला. कमान मात्र आम्ही दाव्यातून काढलीच.

काय उरलं? जिना उरला, कारण त्याचा आकार वास्तवातून आलेला नव्हता, तिच्या निर्णयातून आला होता. चौकाभोवती ओसरीच्या खणांची मांडणी उरली. दोन वेगवेगळ्या वाड्यांतले भाग तिनं असे जोडले होते की चौकात उभं राहिलं की देवघराची ज्योत दिसावी. हाताने रंगवलेली टेक्स्चरं उरली. जात्याचं चक्र फिरवणारी छोटी स्क्रिप्ट उरली, ती संगणक आज्ञावली म्हणून साहित्यकृतीत मोडते.

आणि आज्जीचा आवाज. ओव्या परंपरेच्या, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण आज्जीनं त्या दिवशी ज्या गायल्या तो तिचा प्रयोग होता, आणि कलम ३८ प्रमाणे कलाकार म्हणून तिचा त्यावर पन्नास वर्षं हक्क आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो मुद्रण करणाऱ्या नातीचा. समोरच्यानं वाडा स्वतः बांधला असं म्हणता आलं असतं, ओवी दुसऱ्या कुठल्या बाईकडून म्हणून घेतली असंही म्हणता आलं असतं, पण तीच शेळी त्याच ओळीला ओरडणं शक्य नव्हतं. वारशाच्या युक्तिवादाला इथं जागाच नव्हती.

अडचण एवढीच की आज्जीची लेखी संमती कधी घेतलेलीच नव्हती. घरातल्या माणसाची संमती कोण घेतं? आम्ही गावी गेलो. संमतिपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात केलं होतं, ते वाचून दाखवलं. आज्जीनं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे माझा आवाज त्यानं इकला व्हय?" मग सही केली.

पुरावा

पुराव्याचं काम कंटाळवाणं असतं, पण ते टाळून चालत नाही. तिनं विक्रेत्याचा संच पावतीसह विकत घेतला. दुकानाच्या पानांची चित्रं पत्ता आणि तारीख दिसेल अशी घेतली, आत फिरतानाचं सलग चित्रण केलं. मग दोन्ही मेश, म्हणजे आकार घडवणारी जाळी, शेजारी उघडल्या. तिच्या मूळ फायलीत स्वच्छ चौकोनी जाळं, मागचे टप्पे, थरांत रंगवलेली टेक्स्चरं सगळं होतं. नकलेत सगळं त्रिकोणांत तुटलेलं, टेक्स्चरचा एकच चपटा थर. आखूड पायरी तशीच होती. आणि टेक्स्चरच्या त्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात ब्रशचे तेच फटकारे होते.

तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली. भिंत दोघांनी सारखी रंगवली असं म्हणता येतं, पण जो कोपरा कुणाला दिसतच नाही तो दुसरा माणूस कशाला रंगवेल?

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फायलीचं हॅश मूल्य, म्हणजे फायलीवरून काढलेला आणि तिची ओळख पटवणारा आकडा, नोंदवायचं असतं. प्रत्येक फायलीचं ते आम्ही आधीच काढून ठेवलं. मूळ लॅपटॉप तिनं तेव्हापासून विकला नाही की फॉरमॅट केला नाही.

कॉपीराइट नोंदणी नव्हती, म्हणून बऱ्याच जणांनी तिला 'तुझं काही होणार नाही' असं सांगितलं होतं. ते चूक आहे. हक्क कृती घडली की निर्माण होतो, नोंदणी बंधनकारक नाही. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते, आणि कलाकृतीसाठी साधारण शुल्क ५०० रुपये आहे, तेव्हा न करण्याचं कारणही नाही. टेक्स्चरांचे दोन संच आणि जिन्यासह चौकाची मेश यांचे अर्ज आम्ही ऑनलाइन टाकले.

दुसरी तक्रार

दुसरी तक्रार पहिल्यापेक्षा खूप लहान होती. वाडा हा शब्दच त्यात नव्हता. एक ध्वनिफीत, दोन टेक्स्चर संच, एक जिना, एक स्क्रिप्ट, ओसरीच्या खणांची मांडणी. प्रत्येकासमोर नकलेतला नेमका पत्ता. जे आमचं नाही ते आम्ही स्पष्ट लिहून वगळलं : खांब, तुळया, किलच, फरशी, कमान.

भारतीय मार्गही खुला होता. कलम ५२ आणि २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थानं (म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या कंपनीनं) ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत ठेवता येतो. तक्रारीत तसं हमीपत्रही द्यावं लागतं. दाव्याची तयारी नसताना तो मार्ग घ्यायचा नाही असं मी ठरवलं. नेमक्या पत्त्यांचा आग्रह इकडेही आहेच. मायस्पेस प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं म्हटलं की मध्यस्थाला विशिष्ट मजकुराची प्रत्यक्ष माहिती असावी लागते, मोघम कळवून भागत नाही.

संच पुन्हा काढला गेला. या वेळी प्रति-नोटीस आली नाही.

समोरचा कोण होता

पहिल्या प्रति-नोटिशीचा एक फायदा झाला. त्यात खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. पत्ता परदेशातला नव्हता, पश्चिम महाराष्ट्रातला होता. कलम ६२ प्रमाणे हक्कधारक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावू शकतो. म्हणजे तिला कुठं जायची गरज नव्हती, त्याला लातूरला यावं लागलं असतं. या कलमाबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे. लहान निर्मात्यासाठी ते फार मोठं आहे.

काही जणांनी तिला पोलिसांत जायला सांगितलं. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे, आणि निट प्रो प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. तिनं नको म्हटलं. मलाही तेच योग्य वाटलं. विशीतल्या पोराला कोठडीत बसवून तिच्या हाती काय लागलं असतं?

दाव्याचं मूल्य तीन लाखांच्या वर जात असल्यानं व्यावसायिक न्यायालय कायद्याचं कलम १२-अ लागू होत होतं, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी. लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला. मुलगा वडिलांना घेऊन आला. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "ताई, ती फाइल एका ग्रुपवर पडली होती. मोफत म्हणून लिहिलं होतं. मी फक्त तुळस लावली." त्यानं ग्रुपमधला तो संदेश दाखवला. रिप मारणारा तिसराच होता, टोपणनावाचा, आणि ग्रुप सोडून गेलेला.

इथं कॉपीराइट कायद्याचं कलम ५५ कामाला आलं. कॉपीराइट आहे याची कल्पना नव्हती आणि असायचं वाजवी कारणही नव्हतं, असं प्रतिवादीनं सिद्ध केलं तर मनाई हुकूम आणि नफा किंवा त्यातला वाटा यापलीकडे काही मिळत नाही. पण पहिली तक्रार मिळाल्या दिवसापासून त्याला कल्पना होती. पाटीवर 'सर्वांचा वारसा' लिहून त्यानं संच विकला तो त्यानंतर. म्हणून हिशेब दोन भागांत केला. तक्रारीआधीच्या विक्रीच्या नफ्याचा वाटा आणि नंतरच्या विक्रीची पूर्ण रक्कम. तिची ती मोघम पहिली तक्रार इथं तारखेच्या पुराव्यासाठी उपयोगी पडली.

मुलगा चांगलं काम करणारा होता. त्याचं तुळशीवृंदावन खरंच देखणं होतं, तिनंच तसं सांगितलं. शेवटी तिनं त्याला जिना आणि टेक्स्चरं वापरायचा लेखी परवाना दिला. परवान्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. आभासी जगातला ग्राहक कुठल्या देशात बसलाय हे कुणाला ठाऊक? म्हणून 'दोन वर्षे, संपूर्ण जग, फक्त याच आभासी जगात, निर्मातीच्या नावासह' असे शब्द घातले. नाव लावून घेण्याचा हक्क कलम ५७ मध्ये आहेच, तरी लिहिलेलं बरं. अशा मध्यस्थीतल्या समझोत्याला लवादाच्या निवाड्याचा दर्जा असतो, त्यामुळे पैसे थकले असते तर थेट अंमलबजावणी मागता आली असती. तशी वेळ आली नाही.

ओवी मात्र परवान्यात नाही. त्यानं दोनदा विचारलं. आज्जीनं फोनवरच सांगितलं, "वाडा घे बाबा, पर माझा आवाज कुणी इकायचा न्हाई."

आज काय स्थिती आहे

मूळ रिप करणारा सापडला नाही. तो संच आणखी दोन आभासी जगांत वेगवेगळ्या नावांनी दिसला. एका ठिकाणाहून नेमक्या तक्रारीनंतर निघाला, दुसऱ्या ठिकाणाहून निघाला आणि नव्या खात्यानं पुन्हा आला. तक्रारीचा मसुदा तयार असल्यामुळे तिचा आता त्यात फार वेळ जात नाही, पण हे थांबेल असं तिला किंवा मला वाटत नाही.

तिच्या कामाच्या पद्धतीत फरक पडला. प्रत्येक भागाच्या फायलीसोबत ती आता एक नोंद ठेवते : काय मोजून घेतलं, काय कुणाकडून घेतलं, काय स्वतः ठरवलं आणि का. मेश आणि टेक्स्चरमध्ये हक्काची माहिती भरते. पूर्वी ती भरलेली नव्हती, नाहीतर ती पुसून टाकणं हा कलम ६५-ब खाली वेगळा गुन्हा ठरला असता. ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्लेंडर उघडत नाही. गावातल्या दुसऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या ओव्या घेतल्या तेव्हा संमतिपत्र आधी नेलं, आणि विक्रीतला वाटा त्यात लिहिला.

टेक्स्चरांच्या दोन्ही संचांची नोंदणी प्रमाणपत्रं आली आहेत. मेशच्या अर्जावर कॉपीराइट कार्यालयानं कृतीच्या वर्गाबद्दल खुलासा मागितला होता. तो आम्ही जिन्याच्या मूळ आरेखनांसह पाठवला आहे, उत्तर यायचं आहे.